आईच्या स्लाइड, कॅसेट आणि गोधड्या

प्रश्न : आई चित्रकलेची शिक्षिका होती आणि सुटी लागली की सह्याद्रीत भटकायची. आम्हा भावंडांनाही लहानपणी पाठुंगळी घेऊन तिने गड दाखवले. तिच्या स्लाइड, काही कॅसेट, भटकंतीच्या वह्या आणि हातच्या गोधड्या घरात आहेत. वर्षश्राद्धापर्यंत तिच्यावर छोटं पुस्तक काढायचं आहे. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : माणसांपासून करा. स्लाइड आणखी सहा महिने थांबतील, पण आईबरोबर कडे चढलेल्या मैत्रिणींचं आता वय झालं असेल. ‘आईबद्दल सांगा’ म्हटलं की ‘फार प्रेमळ होती’ एवढंच हाती लागतं. त्याऐवजी फोटो समोर ठेवून विचारा : हा कुठला कडा? पुढे कोण होतं? पोरांना त्या वेळी कुणाकडे ठेवलं होतं? घर आणि डोंगर तिने कसे सांभाळले, हे या शेवटच्या प्रश्नातूनच उलगडेल. फोनवर रेकॉर्ड करा आणि दर फोटोचा क्रमांक मोठ्याने म्हणा, नंतर जुळवणी सोपी जाते.

मग कॅसेट. मागच्या कडेवरच्या दोन्ही प्लास्टिकच्या पट्ट्या आधी तोडा, म्हणजे चुकून आईच्या आवाजावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. बरीच वर्षं पडून राहिलेल्या टेपचे थर एकमेकांना धरून बसतात. टेप एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे गुंडाळा आणि मगच वाजवा. प्लेअरचं हेड, म्हणजे टेपला टेकणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कॉम्प्युटरवर डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबलेली मोठी फाइल ठेवा, एमपीथ्री फक्त नातेवाइकांना पाठवायला.

स्लाइडवर बुरशीची जाळी असेल तर पाणी लावू नका. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्रच निघून येतं. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात काही दिवस ठेवून मऊ ब्रशने झटका. 35 मिमी स्लाइड 2400 डीपीआयला (म्हणजे इंचाला 2400 ठिपके) स्कॅन केली की साधारण 3400 × 2270 पिक्सेल मिळतात, पुस्तकाच्या पानभर फोटोला तेवढे पुरतात. कोडॅकची कोडाक्रोम फिल्म असेल तर स्कॅनरची आपोआप धूळ काढण्याची सोय बंद ठेवा, ती बारकावे बिघडवते. स्लाइडच्या चौकटीवर बऱ्याचदा फिल्म धुतल्याचा महिना आणि वर्ष असतं. ते नसेल तर डोंगर बघा. सह्याद्रीतलं कारवीचं झुडूप ऐन फुलोऱ्यात दिसलं तर ऋतू कळतोच, आणि कारवी एका ठिकाणी सात-आठ वर्षांतून एकदाच सामूहिक फुलत असल्यामुळे वर्षाचाही अंदाज बांधता येतो.

वह्यांना लॅमिनेशन आणि सेलोटेप दोन्ही वर्ज्य. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता पानांचे फोटो काढा. तिचं अक्षर, समासातली रेखाटनं, खाडाखोड जशीच्या तशी छापा. तिचं शुद्धलेखन सुधारू नका.

गोधडी धुण्याआधी ओला पांढरा सुती कपडा प्रत्येक रंगावर दाबून बघा. रंग उतरला तर धुऊ नका. घडीवर कापड फाटतं, म्हणून धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून नळकांड्यावर ठेवा. प्लास्टिकची पिशवी नको, खळही नको, कसर खळीवरच येते. कोणत्या तुकड्यात कुणाची साडी आहे, हे मावशी-आत्यांना विचारून पुस्तकात गोधडीच्या फोटोखाली लिहा. आईचं इतकं नेमकं चरित्र दुसरीकडे मिळणार नाही.

पुस्तक 16 पानी फॉर्ममध्ये बेतलं तर कागद वाया जात नाही, 64 पानं म्हणजे चार फॉर्म. शंभर-दीडशे प्रतींना डिजिटल छपाईच परवडते. शिवण बांधणी करा, नुसत्या डिंकाची पानं सुटतात. मजकूर युनिकोडमधून (फोन-कॉम्प्युटरवर आपण टाइप करतो त्या पद्धतीतून) डीटीपीच्या, म्हणजे छपाईची पानं जुळवण्याच्या जुन्या फॉन्टमध्ये नेताना ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ हमखास मोडतात, त्यासाठी एक प्रूफ वेगळं वाचा.

प्रश्न : चिकट पानांच्या अल्बममधले आईचे फोटो निघत नाहीत. – एक वाचक, ठाणे

उत्तर : ओढू नका, फोटोचा कागद सोलला जातो. आधी पूर्ण पानाचा फोटो घ्या, म्हणजे तिने लावलेला क्रम राहील. मग दातांचा फ्लॉस फोटोमागे सरकवून करवतीसारखा हळू चालवा. तरीही निघाला नाही तर पानासकट 600 डीपीआयला स्कॅन करा. नाव लिहायचं तर मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलने.