वडील दारू पितात अशा मुलीसाठी शाळा काय करू शकते?

तुमच्या वर्गातल्या मुलीचे वडील रोज पिऊन येतात, ती बाकावर झोपते, गृहपाठ कधीच नसतो, मग शिक्षकाने करायचं काय, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकला सातपूरच्या कामगार वस्तीत बावीस वर्षं शिकवतोय. आधी काय करू नये ते सांगतो, कारण ते मी करून बसलोय.

सातवीतल्या एका पोराच्या वहीत मी लाल शाईने लिहिलं, 'पालकांनी भेटावे.' पालक आले नाहीत. दुसऱ्या दिवशी पोरगा आला, लांब बाह्यांचा स्वेटर घालून. एप्रिल महिना होता. तेव्हापासून चिठ्ठी घरात कोणाच्या हातात पडेल, हे आधी बघतो. बहुतेकदा आजी नाहीतर मावशी सापडते.

पुढे त्यानेच सांगितलं, घरी वह्या फाटतात. मग त्याचं दप्तर माझ्या कपाटात राहायला लागलं. गृहपाठ शाळा सुटल्यावर, अर्धा तास.

तिला पहिल्या तासाला झोपू द्या, रात्र कशी गेली ते आपल्याला ठाऊक नसतं. आमच्याकडे कंपन्यांचे पगार झाले की दोन-तीन दिवस काही ठरावीक पोरं गळपटलेली येतात. त्या दिवसांत मी चाचणी ठेवत नाही.

खोदून विचारू नका, वर्गासमोर तर नाहीच. मी फळा पुसायला थांबवतो. फळ्याकडे तोंड असलं की पोरं आपसूक बोलतात. आपण चांगले मार्क आणले तर बाबा सोडतील, असं पुष्कळांना वाटत असतं. तिला एकदा स्पष्ट सांगा, बाबांची दारू तुझ्यामुळे नाही आणि ती सोडवणं तुझं काम नाही. व्यसनी माणसांच्या मुलांसाठी 1957 साली अमेरिकेत सुरू झालेले अलाटीनचे गट मुलांना हेच सांगत आलेत.

'कोणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका. मारहाण होत असेल तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय आला तरी पोक्सो कायद्याने (2012) कळवणं बंधनकारक आहे, शिक्षकालाही. वडिलांना उपदेश करायला घरी जाऊ नका, त्याचा राग तिच्यावरच निघतो. आईला वडिलांच्या नकळत 14446 हा व्यसनमुक्तीचा नंबर द्या.

आणि मुख्याध्यापकांकडे कपाटाचा एक खण मागून घ्या. माझ्याकडे सध्या चार दप्तरं आहेत.