ट्रेलर प्रथमच रस्त्यावर काढताना

गटाच्या सायकली आणि तंबू ट्रेलरवर लादून नागपूरहून चिखलदऱ्याला जाण्याचा तुमचा बेत छान आहे. मात्र ट्रेलरची तपासणी निघण्याच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका.

सर्वप्रथम टायर पाहा. नुसत्या उभ्या असलेल्या ट्रेलरचे टायर झिजण्याआधीच जुने होतात आणि विदर्भाच्या उन्हात त्यांना बारीक भेगा पडतात, त्यामुळे नक्षी शाबूत दिसली म्हणून समाधान मानू नये. टायरच्या बाजूवरील चार अंकी खूण वाचावी: ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. हवा थंड टायरमध्ये भरावी आणि ट्रेलरच्याच मापाचे जादा चाक सोबत ठेवावे, कारण गाडीचे चाक बहुधा त्याला बसत नाही.

चाकांच्या बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरून घ्या. वाटेतल्या कोंढाळीला थांबून प्रत्येक चाकाचा हब, म्हणजे बेअरिंग असलेला मधला भाग, हाताने चाचपा. एक हब दुसऱ्यापेक्षा फार तापला असेल, तर पुढे जाऊ नका. तिथेच चाकांचे नट पुन्हा आवळा.

नवखे लोक हमखास चुकतात ते सामान रचताना. सुमारे साठ टक्के वजन ट्रेलरच्या आसाच्या (चाके जोडणाऱ्या दांड्याच्या) पुढे असावे. मागे भार वाढला की ट्रेलर वेगात डोलू लागतो, आणि घाटात ते जिवावर बेतू शकते.

सुरक्षा साखळ्या गाडी आणि ट्रेलरच्या जोडणीखालून एकमेकींवर फुलीसारख्या घ्या. ब्रेकचे आणि वळणाचे दिवे मात्र दुसऱ्याला मागे उभे करूनच तपासा.