केवडा आणि डावणी एकाच व्याख्येत कसे बसवायचे?

प्रश्न : आमच्या शेतकरी गटाच्या वेबसाइटवर नवीन बागवाल्यांसाठी द्राक्षबागेतले शब्द आणि त्यांचे अर्थ असं पान करतेय. सध्या शब्द बोल्ड, मग ब्रेक, मग अर्थ असं चाललंय, पण मोबाइलवर सगळा गिचका होतो. भाऊ म्हणतो डीएल (शब्द-अर्थांच्या यादीचा एचटीएमएल टॅग) वापर, पण ते जुनं झालं म्हणतात ना? आणि एकाच रोगाला दोन नावं असली की काय करायचं?
– एक वाचक, निफाड

उत्तर : ताई, भाऊ बरोबर बोलतोय. डीएल जुना आहे पण बाद झालेला नाही, 1995च्या एचटीएमएल 2.0 मध्येही होता आणि आजही आहे, फक्त एचटीएमएल 5 मध्ये त्याला व्याख्यांपुरतं न ठेवता कुठल्याही नाव-माहितीच्या जोड्यांसाठी मोकळं केलं. बोल्ड आणि ब्रेकने माणसाला कळतं हो, पण ब्राउझरला किंवा स्क्रीन रीडरला (पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) कुठला अर्थ कुठल्या शब्दाचा हे कळायला काहीच मार्ग राहत नाही.

बाहेर डीएल, आत शब्दासाठी डीटी आणि अर्थासाठी डीडी. तुमच्या दोन नावांचं उत्तर यातच आहे. एका डीटीत केवडा, लगेच खाली दुसऱ्या डीटीत डावणी, आणि मग दोघांना मिळून एकच डीडी : पानावर वरून पिवळट तेलकट डाग, खालून पांढरी बुरशी. खरड छाटणी आणि एप्रिल छाटणीचंही तसंच करा, तोच अर्थ दोनदा लिहू नका, नाहीतर उद्या एकात दुरुस्ती होते आणि दुसऱ्यात तशीच राहते. उलटंही चालतं, म्हणजे डिपिंग हा एक डीटी आणि खाली दोन डीडी, एकात घड जीएच्या (जिबरेलिक अ‍ॅसिडच्या) द्रावणात बुडवणं आणि दुसऱ्यात बेदाण्यासाठी द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवणं, कारण बागेवर गेलं की एक आणि बेदाण्याच्या शेडवर गेलं की दुसरं.

एक गोष्ट बरेच जण सोडतात. नुसत्या डीटीने 'इथे या शब्दाची व्याख्या केली आहे' असं ठरत नाही, ते सांगायला डीटीच्या आत शब्दाभोवती डीएफएन हा टॅग लावायचा. त्यालाच आयडी दिला की दुसऱ्या पानावरून थेट त्या शब्दाची लिंक देता येते, आयडी मराठीत लिहिला तरी चालतो पण मधे स्पेस नको, गोडी-छाटणी असं डॅश टाकून लिहा.

डीटीत हेडिंग टाकू नका, ते नियमात बसत नाही. क, ख, ग असे गट हवे असतील तर हेडिंग बाहेर आणि प्रत्येक अक्षराला वेगळा डीएल. प्रत्येक शब्दाची जोडी चौकटीत दाखवायची असेल तर प्रत्येक डीटी-डीडीभोवती डिव्ह हा टॅग लावा, डीएलमध्ये तो चालतो.

मोबाइलवर डीएल लावल्यावरही एक अडचण येईल : डीडीला ब्राउझर स्वतःहून 40 पिक्सेल आत सरकवतो आणि छोट्या स्क्रीनवर तेवढी जागा फुकट जाते. सीएसएसमध्ये (पान कसं दिसेल ते ठरवणाऱ्या कोडमध्ये) डीडीचा डावा मार्जिन शून्य करा, डीटी ठळक करा, आणि डीडीच्या खाली थोडी मोकळी जागा सोडा म्हणजे पुढचा शब्द वेगळा दिसेल.