टेरारियातली जीवघेणी जमीन: वॉल ऑफ फ्लेश पाडण्याआधी काय खणून ठेवायचं

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरातले चौघे मित्र टेरारिया या खणत-बांधत खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये एकाच मध्यम आकाराच्या जगात खेळताहेत. आय ऑफ क्थुल्हू आणि ईटर ऑफ वर्ल्ड्स हे दोन बॉस (मोठे राक्षस) मारून झालेत, ड्रायड ही वस्तू विकणारी बाई वस्तीत राहायला आली आहे. एकजण डंजनमध्ये (भूमिगत किल्ल्यात) उतरला आणि एका फटक्यात मेला. करप्शनची, म्हणजे पसरत जाणाऱ्या रोगट भागाची, जांभळी जमीन घरापासून शंभरेक ब्लॉकवर येऊन ठेपली आहे. येत्या रविवारी स्केलेट्रॉन आणि वॉल ऑफ फ्लेश हे पुढचे दोन बॉस एकाच बैठकीत पाडायचा बेत आहे. कुठली जमीन धोक्याची आणि जांभळं कसं रोखायचं, हे विचारलंय.

भावांनो, स्केलेट्रॉन रविवारी जरूर मारा. वॉल मात्र पुढे ढकला. वॉल ऑफ फ्लेश मेली की जग हार्डमोडमध्ये, म्हणजे खेळाच्या अवघड टप्प्यात, जातं आणि तिथून परतीचा रस्ता नाही. आज जी करप्शन गवतावरून रांगत येतेय, ती त्या क्षणापासून दगड, वाळू, बर्फ, सगळं खात सुटते. या खेळात खड्ड्यात पडून मेलात तर पलंगावर पुन्हा उभे राहाल, पण जंगल एकदा करप्ट झालं की त्याचे परिणाम शेवटच्या बॉसपर्यंत पुरतात. म्हणून खोदकाम आधी, वॉल नंतर.

डंजनचं आधी सांगून टाकतो, कारण ते सोपं आहे. स्केलेट्रॉन मारलेला नसताना डंजनमध्ये जमिनीच्या पातळीखाली गेलं की डंजन गार्डियन येतो. त्याचा फटका १००० चा आणि जीव ९९९९. आत्ताच्या चिलखताने तो थांबत नाही आणि भिंतींतून आरपार येतो. तुमच्या मित्राच्या खेळण्यात काही कमी नव्हतं, ती जागाच बंद आहे. दारातल्या म्हाताऱ्याशी रात्री बोला, स्केलेट्रॉन पाडा, मग खुशाल उतरा.

आता करप्शन. तिच्यातल्या उभ्या दऱ्या हा पहिला सापळा. या खेळात २५ ब्लॉकपर्यंत पडलं तर काही होत नाही, त्यापुढच्या प्रत्येक ब्लॉकला साधारण १० जीव जातो. २०० जीव असलेला खेळाडू ४५ ब्लॉकच्या आसपास पडला की संपला, आणि करप्शनची दरी त्याहून कितीतरी खोल असते. त्यामुळे उडी मारून उतरू नका. दोर सोडा, किंवा दर २० ब्लॉकला लाकडी प्लॅटफॉर्म टाका. तरंगत्या बेटावरच्या पेटीतला लकी हॉर्सशू मिळाला असेल तर पडण्याचा प्रश्नच मिटतो. क्लाउड इन अ बॉटल असेल तर जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी दुसरी उडी मारा, पडलेलं अंतर नव्याने मोजलं जातं. तळाशी शॅडो ऑर्ब, म्हणजे हातोड्याने फोडायचे गोळे, असतात. दर तिसरा ऑर्ब फोडला की ईटर ऑफ वर्ल्ड्स येतो, हे विसरून कोणी अर्ध्या जीवाने हातोडा चालवू नये. ऑर्ब फोडल्यावर उल्काही पडू शकते. ती जमीन पायाला चटका देते, नुसतं उभं राहिलं तरी जीव जातो.

पण दरीपेक्षा गवत घातक आहे. हार्डमोडच्या आधी पसरतं ते फक्त करप्ट गवत आणि त्याची काटेरी झुडपं. इबनस्टोन, म्हणजे जांभळा दगड, आत्ता जागचा हलत नाही. त्यामुळे घराच्या बाजूची कड आज थांबवणं स्वस्तात होतं. ड्रायडकडून प्युरिफिकेशन पावडर घ्या, ७५ तांब्याला एक मिळते. कडेच्या गवतावर फेकत फेकत एक स्वच्छ पट्टा तयार करा आणि त्या पट्ट्यावर सूर्यफुलं एकमेकांना लागून लावा. ज्या ब्लॉकवर सूर्यफूल आहे त्याला लागण होत नाही. फुलांमध्ये एका ब्लॉकची जरी फट राहिली तरी गवत तिथून घुसतं, म्हणून ओळ सलग हवी. आणि पृष्ठभागावर ओळ लावून खालच्या गुहेतलं मातीचं छत विसरू नका. गवत छतावरूनही सरकतं.

हार्डमोड सुरू झाला की हे गणित बदलतं. पहिली गोष्ट म्हणजे जगावर इंग्रजी व्हीच्या आकाराचे दोन तिरके पट्टे उमटतात, वर लांब लांब, खाली पाताळाकडे जवळ येणारे. एक तुमच्या करप्शनचा, दुसरा गुलाबी-निळ्या हॅलो बायोमचा, म्हणजे तसाच पसरणाऱ्या दुसऱ्या भागाचा. कोणता पट्टा कोणत्या बाजूला येईल हे आधी कळत नाही. दुसरी गोष्ट, लागण लागून असलेल्या ब्लॉकपुरती राहत नाही, ३ ब्लॉकच्या अंतरापर्यंत उडी मारते. म्हणून सूर्यफुलांची ओळ तेव्हा पुरत नाही, तिथे चर लागतो. आपल्याकडे उसाच्या फडाला आग लागली की पुढचा पट्टा तोडून मोकळा करतात आणि आगीला खायला काही ठेवत नाहीत, तेच तत्त्व इथे.

चर किमान ४ ब्लॉक रुंद लागतो. ६ ठेवा. कारण करप्ट गवताची काटेरी झुडपं पोकळीत वाढतात आणि हार्डमोडमध्ये ती झुडपंसुद्धा लागण पसरवतात. ४ ब्लॉकच्या चरात एक झुडूप मध्यापर्यंत आलं की पलीकडचा दगड त्याच्या टप्प्यात येतो.

घरासाठी तळापर्यंत खणायची गरज नाही. समजा वस्ती १०० ब्लॉक रुंद आहे. दोन्ही बाजूंना ४० ब्लॉक खोल, ६ रुंद चर मारा आणि खालून तेवढ्याच जाडीच्या आडव्या बोगद्याने ते जोडा. दोन उभे मिळून ४८०, आडवा ६७२, म्हणजे ११५० च्या आसपास ब्लॉक. चौघांनी वाटून घेतलं तर हे एका संध्याकाळचं काम आहे. ये-जा करायला वर लाकडी प्लॅटफॉर्म टाका, लाकडाला लागण होत नाही. विटा, काच, चिकणमाती, राख, भुसभुशीत बर्फ (स्नो), साधी माती यांनाही होत नाही. लागण होते ती गवताला, साध्या दगडाला, वाळूला, वालुकाश्माला आणि घट्ट बर्फाला. घरांचे पाये साध्या दगडाचे असतील तर त्याच्या राखाडी विटा करून बदला. घराभोवती करप्ट ब्लॉक मर्यादेपेक्षा वाढले की ते घर राहण्यालायक धरलं जात नाही आणि तुमची माणसं निघून जातात.

जंगलासाठी मात्र चर पाताळापर्यंत जायला हवा. जंगल डंजनच्या विरुद्ध बाजूला असतं, त्यामुळे शोधायला त्रास नाही. मध्यम जग ६४०० रुंद आणि १८०० उंच, खालचे २०० ब्लॉक पाताळाचे. म्हणजे पृष्ठभागापासून हजार-अकराशे ब्लॉक खोल. ६ रुंदीने सहा हजारांवर ब्लॉक होतात, पिकॅक्सने एकेक काढत बसू नका. डिमॉलिशनिस्टकडून (स्फोटकं विकणाऱ्याकडून) डायनामाइट घ्या. एका स्फोटाची त्रिज्या ७ ब्लॉक, म्हणजे सरळ खाली टाकत गेलं तरी हवी त्याहून जास्त रुंदी आपोआप मिळते. एका चराला शंभरावर कांड्या लागतील असं धरून पैसे साठवा. टाकणारा एकच असू द्या, बाकीचे दूर, कारण स्फोट टाकणाऱ्यालाही ओळखत नाही. खाली उतरताना लाव्ह्याचे खिसे फुटतात आणि तो तुमच्या डोक्यावर नाही तर पायाखाली साचतो. प्रत्येक स्फोटानंतर मशाल टाकून तळ बघा, मगच उतरा. दर २० ब्लॉकला प्लॅटफॉर्म इथेही हवेतच. एकदा तयार झालेला चर पुढे पाताळात जायचा रस्ता म्हणूनही कामाला येतो.

चर फसतो तो बहुतेक वेळा वाळूमुळे. वाळवंटातून खणलं की वरची वाळू घसरते, मध्ये ढीग साचतो आणि लागणीला आयता पूल मिळतो. वाळूच्या थरात दोन्ही कडांना लाकडाचं किंवा विटांचं अस्तर द्या. दुसरी चूक म्हणजे कोणीतरी सोयीसाठी चरात मातीचा किंवा दगडाचा टेकू टाकतो आणि तो काढायचा राहतो. मातीवर गवत उगवतं आणि त्यावरून लागण पलीकडे जाते.

जंगलासाठी एवढी धडपड कशाला, तर हार्डमोडमधलं क्लोरोफाइट हे खनिज भूमिगत जंगलाच्या चिखलातच तयार होतं आणि प्लँटेरा या बॉसची कळीही तिथेच उगवते. तिन्ही यांत्रिक बॉस मारल्यावर ती कळी सापडली नाही तर पुढचा रस्ताच अडतो. १.४.४ च्या आधी (ती आवृत्ती सप्टेंबर २०२२ मध्ये आली) करप्ट झालेल्या जंगलाचा चिखल साधी माती व्हायचा आणि शुद्ध केलं तरी जंगल परत येत नव्हतं. आता करप्ट जंगल-गवत वेगळं आहे, खालचा चिखल टिकतो, म्हणून जंगल परत मिळवता येतं. तरीही ते हातचं जाऊ देण्यात शहाणपण नाही.

व्हीचा एखादा पट्टा थेट जंगलातूनच गेला तर? हॅलोचा असेल तर घाबरू नका, हॅलो जंगलाच्या गवताला हात लावत नाही. करप्शनचा असेल तर त्याच रात्री पट्ट्याच्या दोन्ही कडांना समांतर चर मारायला घ्या. यासाठी दोनेकशे डायनामाइट पेटीत वेगळे राखून ठेवाच. पट्टा आधी बंदिस्त करायचा, स्वच्छ करायचं काम नंतर.

हॅलोबद्दल अजून एक. करप्शन त्याला खात नाही, तो करप्शनला खात नाही. त्यामुळे घर आणि करप्शन यांच्यामध्ये हॅलो आला तर ती आयती भिंत समजा. पवित्र पाणी फेकून मुद्दाम तसा पट्टा करणारेही आहेत, पण पवित्र पाण्याने जमीन हॅलो होते, मूळ हिरवी होत नाही, हे लक्षात ठेवूनच वापरा.

खरी साफसफाई क्लेंटॅमिनेटर या फवारणी यंत्राने होते. किमान एक यांत्रिक बॉस पडला की स्टीमपंकर ही विक्रेती येते, तिच्याकडे तो मिळतो. किंमत २ प्लॅटिनम. त्यात हिरवं द्रावण भरून आपल्या चरांमधूनच वरखाली फिरत फवारा, दोन्ही बाजू धुतल्या जातात. स्टीमपंकरचं घर साध्या हिरव्या भागात ठेवा, हॅलोमध्ये ठेवलं तर हिरव्याऐवजी निळं द्रावण विकते. त्याआधी पावडर फेकत अख्खं जग स्वच्छ करायला जाऊ नका. तेवढ्या वेळात दुसरीकडे दुप्पट पसरलेलं असतं. प्लँटेरा मेल्यावर पसरण्याचा वेग निम्मा होतो, मोठी मोहीम तेव्हा काढा.

पाताळाबद्दल. तिथली जमीन दोन प्रकारे मारते: लाव्हा आणि हेलस्टोन हे तिथलं खनिज. हेलस्टोनला नुसता स्पर्श झाला तरी चटका बसतो, आणि खणला की त्या जागी लाव्हा सुटतो. चटक्यासाठी ऑब्सिडियन स्कल घाला, भट्टीवर २० ऑब्सिडियनची होते. ती लाव्ह्यापासून वाचवत नाही, त्यासाठी ऑब्सिडियन स्किन औषध लागतं: बाटलीतलं पाणी, फायरब्लॉसम, वॉटरलीफ आणि ऑब्सिडियन. हेलस्टोन वरून खाली न खणता बाजूने खणा, म्हणजे सुटलेला लाव्हा तुमच्या पायाखाली येत नाही. पिकॅक्सची ताकद ६५ टक्के हवी. ईटरच्या खवल्यांची नाइटमेअर पिकॅक्स (१२ डेमोनाइट बार, ६ शॅडो स्केल) पुरते.

पाताळात आणखी एक धोका आहे, तो तुमच्या वेळापत्रकाशी थेट जोडलेला. पंखवाल्या व्हूडू डीमनच्या हातात गाइडची, म्हणजे सल्ला देणाऱ्या तुमच्या वस्तीतल्या माणसाची, बाहुली असते. त्याला लाव्ह्यावर असताना मारलं, बाहुली लाव्ह्यात पडली आणि गाइड जिवंत असला, की वॉल ऑफ फ्लेश तिथल्या तिथे येते. मग मॅजिक मिररने घरी पळायला गेलात तरी जीव जातो. म्हणून चर पूर्ण होईपर्यंत या डीमनला राखेच्या घट्ट जमिनीवर असतानाच मारा, नाहीतर सोडून द्या.

गुहांमधल्या सापळ्यांचं थोडक्यात: जमिनीतल्या पट्टीवर पाय पडला की बाण, गोल शिळा किंवा स्फोट. डेंजरसेन्स औषध प्यायलं की ते उजळून दिसतात. बाटलीतलं पाणी, शिव्हरथॉर्न आणि १० कोळिष्टकं, एवढंच लागतं. भूमिगत पेटी दिसली की धावत जाऊ नका.

शेवटी दोन व्यवस्थेच्या गोष्टी. चौघांपैकी एकजण जरी पात्र आत उभं ठेवून जेवायला गेला, तरी जग चालूच राहतं आणि लागण पडद्यावर दिसणाऱ्या भागापुरती नसते, जगभर पसरते. हार्डमोडमध्ये काम नसेल तर सगळ्यांनी बाहेर पडा. आणि वॉलच्या आधी जगाची प्रत काढा: ज्याच्या संगणकावर जग आहे त्याच्या डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्स, त्यात टेरारिया, त्यात वर्ल्ड्स. तिथली जगाच्या नावाची फाइल पेनड्राइव्हवर घ्या. पट्टा अगदीच वाईट जागी पडला तर हीच प्रत परत ठेवून वॉल पुन्हा मारता येते, आणि पट्ट्यांच्या जागा नव्याने ठरतात. ड्रायडला अधूनमधून जगाची अवस्था विचारत राहा, ती करप्शन आणि हॅलोचे टक्के सांगते. दोन वेळा विचारून करप्शनचा आकडा वाढलेला दिसला, तर आधी जंगलाकडचा चर तपासा, मग घराचा.