दारातली पायरी, डोक्यावरचा पत्रा

प्रश्न : म्हापशाच्या बाजारात माझं कापडाचं दुकान आहे. दारात १५ सेंटिमीटरची पायरी, तिच्यावर गुळगुळीत लादी. गेल्या पावसात एक आजी घसरल्या. वरचा पत्राही फार तापतो. काय करू?

उत्तर : आजींचं वाचून जीव कळवळला. आधी ती लादी काढा, खरबरीत ग्रॅनाइट बसवा. जांभ्या दगडाचा चिरा नको, पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं. पायरीच्या जागी उतार करायचा, तर उंचीच्या बारापट लांबी लागते. तुमच्याकडे १८० सेंटिमीटर. आखूड, उभा उतार पायरीपेक्षा घातक. आईची चाकाची खुर्ची ढकलताना मी हे सोसलं आहे. धरायला कठडा हवाच. उतार रस्त्यावर येत असेल तर नगरपालिकेला विचारा. पत्र्याला मार्चआधी पांढरा परावर्तक रंग द्या आणि पावसाळ्यानंतर धुऊन घ्या. मळला की तो पुन्हा ऊन शोषतो.