वासाची गोष्ट डॉक्टरांना आधी सांगा

ताई, मुलगा १७ वर्षांचा, आवाज फुटला नाही, मिसरूड नाही, आणि डॉक्टर म्हणतात 'थांबा, होईल', असं तुम्ही लिहिलंय. त्याच्याखाली जाता जाता एक ओळ आहे, 'वास त्याला लहानपणापासूनच येत नाही, सायनस असेल.' माझा जीव त्या ओळीत अडकला. ती तुम्ही डॉक्टरांना सांगितलीत का?

मी कालमन सिंड्रोमचा पेशंट आहे, म्हणजे ज्यात वास येत नाही आणि माणूस आपोआप वयातही येत नाही असा जन्मजात आजार. निदान झालं २३ व्या वर्षी. तोवर टॉनिकं झाली, 'आमच्या घरात मुलं उशिराच वाढतात' हेही झालं. नाकाबद्दल एकाही डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, कारण वास म्हणजे काय हेच मला माहीत नव्हतं. ओट्याशेजारी बसून अभ्यास करताना दूध करपून काळं झालं, आई बाहेरच्या खोलीतून धावत आली आणि मला पत्ताच नव्हता. 'लक्ष कुठे असतं तुझं?' म्हणून ओरडा खाल्ला. पहिल्या पावसात सगळे 'काय वास सुटलाय!' म्हणायचे, की मीही 'हो ना' म्हणायचो.

वास आणि वयात येणं, या दोन गोष्टींचा संबंध असा. वयात येण्याचा हुकूम मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सुटतो, जीएनआरएच नावाच्या हार्मोनच्या रूपात. तो तयार करणाऱ्या पेशी जन्मतात मात्र गर्भाच्या नाकाच्या भागात आणि वासाच्या नसांच्या धाग्यांवरून मेंदूत पोचतात. ती वाटच नीट तयार झाली नाही, तर वासही जातो आणि हुकूमही सुटत नाही. तो हुकूम पुढे पोचवणारी मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी आणि वृषणं बहुधा धड असतात, फक्त निरोपाची वाट बघत बसलेली. वास नसणं आणि वयात न येणं यांची सांगड स्पेनच्या एका शरीरशास्त्रज्ञाने १८५६ मध्येच टिपली होती. फ्रांझ कालमन यांनी १९४४ मध्ये हा आजार घराण्यांतून चालतो हे दाखवलं, म्हणून त्यांचं नाव.

उशिरा वाढणारी मुलं पुष्कळ असतात, हे डॉक्टरांचं म्हणणं खोटं नाही. पण मुलग्यांमध्ये १४ वर्षांपर्यंत वयात येण्याची सुरुवात झाली नाही तर तपासायचं असतं, आणि वास नसेल तर नुसतं थांबणं मला पटत नाही. एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे, न्या. सकाळच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन (वृषणात तयार होणारं पुरुषी हार्मोन) आणि एलएच, एफएसएच (पिट्यूटरीची वृषणांना चालना देणारी हार्मोन्स) बघतात, हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, एमआरआयमध्ये वासाचे कंद, म्हणजे वासाच्या नसा मेंदूत जिथे पोचतात ते भाग, आहेत का ते दिसतं. काहींना जन्मतः एकच किडनी असते, म्हणून सोनोग्राफीही करतात. लहानपणी वृषण खाली उतरलं नव्हतं का, टाळू फाटलेली होती का, ऐकायला कमी येतं का, हे आठवून लिहून न्या. डॉक्टर वृषणाचा आकार मोजायला अंड्याच्या आकाराच्या मण्यांची माळ काढतील. मुलाला आधीच सांगून ठेवा आणि तेवढा वेळ तुम्ही बाहेर थांबा. मला कुणी सांगितलं नव्हतं. तपासणीच्या टेबलावर लाजेने रडलो होतो मी.

उपचार आहेत, आणि ते लागू पडतात. टेस्टोस्टेरॉनने आवाज, दाढी, ताकद येते, हाडं ठिसूळ होत नाहीत. पुढे मूल हवं असेल तेव्हा मात्र टेस्टोस्टेरॉनने भागत नाही. त्यासाठी एचसीजी (एलएचसारखं काम करणारं हार्मोन) आणि एफएसएचची वेगळी इंजेक्शनं असतात, महिनोन्‌महिने चालतात, कधी दोन वर्षंही. पण अनेकांना मुलं होतात. 'याचं लग्न कसं होणार' हा विषय त्याच्यासमोर आज काढू नका. कुणाच्या सांगण्यावरून जिमची किंवा बाजारची इंजेक्शनंही देऊ नका.

वास मात्र या औषधांनी परत येत नाही. घरातला एलपीजी मुळात बिनवासाचा, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास मिसळतात, आणि तोच तुमच्या मुलाला येणार नाही. गॅस गळतीचा अलार्म याच आठवड्यात आणा आणि जमिनीलगत बसवा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो.