‘विलफुल’ म्हणजे हट्टी की मुद्दाम केलेलं?

शब्दकोशात ‘विलफुल’चा अर्थ ‘हट्टी’ दिलाय, मग बातम्यांतला ‘विलफुल डिफॉल्टर’ म्हणजे हट्टी कर्जदार का, असं तुम्ही विचारलंय. तसं नाही. हा शब्द माणसाला लावला की एक अर्थ होतो आणि कृत्याला लावला की दुसरा.

‘अ विलफुल चाइल्ड’ म्हणजे हट्टी, हेकेखोर मूल. आमच्या मालवणीत म्हणतात, ‘तो कोणाचा आयकणा नाय.’ त्याला कळत नाही असं नव्हे. सगळं कळतं, पण ऐकायचं नाही हे त्याने ठरवलेलं असतं. हे ठरवणं शब्दाच्या मुळातच आहे. ‘विल’ म्हणजे इच्छा. मृत्युपत्राला विल म्हणतात तेही त्यात माणसाची अखेरची इच्छा असते म्हणूनच.

मी सिंधुदुर्गात एका वकिलांकडे इंग्रजी कागदांचं मराठी करते. सुरुवातीला वहिवाटीच्या एका वादात ‘विलफुल ऑब्स्ट्रक्शन’चं मी ‘हट्टाने केलेला अडथळा’ असं केलं होतं. वकीलसाहेबांनी ते खोडलं. म्हणाले, “समोरचा स्वभावाने कसा आहे ते कोर्ट विचारत नाही. वाट दुसऱ्याच्या वहिवाटीची आहे हे ठाऊक असून अडवली का, एवढंच बघतं.” पावसात फणस उन्मळून पाणंदीवर पडला, तर तो विलफुल अडथळा नव्हे. त्याच जागी कोणी रातोरात काट्यांची वई घातली, तर मात्र तो विलफुल. तेव्हापासून मी अशा ठिकाणी ‘जाणूनबुजून’ किंवा ‘बुद्धिपुरस्सर’ लिहिते. ‘हट्टाने’ लिहिलं की भांडण जमिनीवरून माणसाच्या स्वभावावर जातं, आणि भाऊबंदकीत तेवढंही पुरतं.

बंदरावरचं उदाहरण घ्या. आपल्याकडे यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ३१ मेला परत येताना इंजिन बिघडलं आणि नौका १ जूनला किनाऱ्याला लागली, तर त्याला कोणी विलफुल म्हणणार नाही. बंदी माहीत असताना जून महिन्यात जाळी भरून बाहेर पडणं हे विलफुल.

कायद्यातही हीच कसोटी आहे. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ मध्ये आदेश नुसता मोडला म्हणून दिवाणी अवमान होत नाही, तो ‘विलफुल’ मोडलेला असावा लागतो. ‘विलफुल डिफॉल्टर’चंही तसंच. ऐपत असून हप्ते न भरणारा किंवा कर्जाचा पैसा भलतीकडे वळवणारा तो. रिझर्व्ह बँकेच्या नियमात थकबाकी २५ लाख रुपये किंवा त्याहून जास्त असावी लागते. वादळात बाग आडवी झाली आणि हप्ते थकले, तर त्या बागायतदाराला हा शब्द लावणं अन्यायाचं आहे.

‘विलिंग’शी मात्र गल्लत करू नका. दोन्ही शब्द ‘विल’वरूनच आलेत, पण विलिंग म्हणजे राजी, आणि विलफुल माणूस राजी होतच नाही. स्पेलिंग ब्रिटिश पद्धतीत मध्ये एका एलचं (wilful), अमेरिकेत दोन एलचं (willful). आपल्या कोर्टाच्या कागदांत दोन्ही दिसतात.

आणि कौतुक करायचं असेल तर हा शब्द वापरू नका. चिकाटीच्या मुलीला ‘डिटरमिन्ड’ म्हणा. ‘विलफुल’ म्हटलंत, तर ऐकणाऱ्याला तुम्ही तिची तक्रार करताय असंच वाटेल.